नव्या खाऱ्या टँकातलं शेवाळ : आमचं काय चुकलं आणि काय सुधारलं



सोसायटीच्या ऑफिसात शिरल्यावर डाव्या हाताला जो खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्याच्याबद्दल गेल्या चार-पाच महिन्यांत बरंच बोलणं झालं. काही तोंडावर झालं, काही जेटीवर. "सोसायटीने पैसे शेवाळात घातले" असंही आम्ही ऐकलं. राग नाही. नोव्हेंबरात तो टँक बघून कोणीही तेच म्हटलं असतं. आज टँक स्वच्छ आहे म्हणून सगळी हकिगत लिहून ठेवतो. आपल्यातले चार-पाच जण घरी असा टँक करायचं बोलतायत, आणि आम्ही केलेल्या चुका त्यांनी पुन्हा पैसे देऊन करू नयेत.

आधी टँक का घेतला ते सांगतो. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरात काही यावं म्हणून आपल्या महिला गटाने शोभेचे समुद्री मासे पाळायची कल्पना मांडली होती. क्लाऊनफिशसारखे मासे आता समुद्रातून पकडावे लागत नाहीत, हॅचरीत तयार होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीची पद्धत केव्हाच बसवली आहे. पिल्लं आणायची, वाढवायची, विकायची, असा विचार. गटाने सहा टँकांसाठी कर्जाचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता. आम्ही म्हटलं, थांबा, आधी एक टँक ऑफिसात चालवून बघू. ऑगस्टच्या सभेत मंजुरी मिळाली. टँक, स्टँड, लाईट, पंप, फिल्टर धरून 31,000 रुपये गेले.

भरतानाच चुकलो

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी बसतं साधारण 180 लिटर. आम्ही म्हटलं, आपण दर्यावरची माणसं, आपल्याला खारं पाणी विकत आणायची काय गरज? सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होडी काढली आणि नदीच्या मुखावरून कॅन भरून आणले. ओहोटी चालू होती आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता.

आता विचार केला तर हसू येतं. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर येतं हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पावसाचं ते पाणी शेतातलं खत, गावातलं सांडपाणी, चिखल सगळं घेऊन येतं. मीटर लावला तर खारटपणा 1.018. समुद्राचा 1.025 च्या आसपास लागतो. आम्ही वरून मीठ घालून तो वाढवला आणि काम झालं असं समजलो. मीठ वाढलं, पण पाण्यात आलेलं खत तिथेच राहिलं.

दुसरी चूक कालवांच्या कवचांची. टँकमध्ये खडकासारखं काहीतरी हवं म्हणून घाटावर पडलेली कवचं धुऊन घातली. वरून पांढरीशुभ्र होती. आतल्या सांध्यात सुकलेलं मांस राहिलं होतं, ते पाण्यात कुजत राहिलं.

तिसरी चूक, पाचव्या दिवशी मासे सोडले. दोन क्लाऊनफिश विकत आणले आणि खडपातल्या डबक्यातले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे तीन छोटे मासे पोरांनी आणून दिले. नवीन टँकमध्ये माशांची घाण पचवणारे जीवाणू नसतात. घाणीतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राईट माशाला विष, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जीवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरवर बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टँक रिकामाच चालवायचा असतो. आम्हाला घाई होती, कारण लोक रोज येऊन विचारत होते, "मासे कुठे?"

आधी तपकिरी, मग हिरवं

दुसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धूळ बसली. काचेवर बोट फिरवलं की पुसली जायची, दुसऱ्या दिवशी परत. आम्ही घाबरलो आणि अर्धं पाणी बदललं, तेही विहिरीच्या पाण्यात मीठ कालवून. धूळ वाढली.

ही धूळ म्हणजे डायटम. एकपेशी जीव, सिलिकाचं कवच करून राहतात. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात सिलिका असते, म्हणजे आम्ही पाणी बदलतोय असं समजून त्यांना जेवण वाढत होतो. खरं तर डायटमना घाबरायचं काही कारण नव्हतं. आपली तारली समुद्रात मुख्यतः हेच खाऊन पोसते. जवळपास प्रत्येक नव्या टँकमध्ये ते पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि पाण्यातली सिलिका संपली की आपोआप कमी होतात. तेव्हा काच पुसायची आणि गप्प बसायचं. आम्ही गप्प बसलो नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी हिरवे केस सुरू झाले. आधी पंपावर, मग कवचांवर, मग सगळीकडे. दिवाळीत ऑफिसात लक्ष्मीपूजन असतं, तेव्हा टँक छान दिसावा म्हणून रात्रभर लाईट चालू ठेवला, एकदा नाही, चार दिवस. शिवाय पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट काचेवर यायचं. आणि खाणं? येणारा प्रत्येक जण चिमूटभर टाकायचा. आम्ही टाकायचो, शिपाई टाकायचा, मासे बघायला आलेली शाळेतली मुलं टाकायची. कोणीतरी कोळंबी कुटून पाण्यासकट ओतली होती. भाऊबीजेपर्यंत कवचं दिसेनाशी झाली. एक काकी म्हणाल्या, "अहो, मासे कुठे आहेत यात? हे तर परसातलं गवत!"

औषधाची रात्र

आता सांगायला जड जातं ते सांगतो. नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही एका दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणलं. दुकानदाराने सांगितलं, एका रात्रीत साफ. बाटलीवर लिहिलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच घातलं, कारण शेवाळ जास्त होतं. संध्याकाळी सात वाजता घातलं आणि ऑफिस बंद करून घरी गेलो.

सकाळी आलो तेव्हा पाणी दुधासारखं. एक क्लाऊनफिश आणि एक पट्ट्यांचा मासा मरून पडलेले. बाकीचे तीन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. शेवाळ मेलं होतं, पण मेलेलं शेवाळ कुठे जाणार? ते टँकमध्येच कुजायला लागलं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकला. कोळंबीची तळी ठेवणाऱ्यांना हे माहीत असतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेही घेतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. आम्ही नेमकं रात्रीच्या तोंडावर औषध घातलं होतं आणि हवेचा पंप लावलाच नव्हता. धावपळ करून हवेचा पंप आणला, अर्धं पाणी बदललं, तीन मासे वाचले.

दोन आठवड्यांनी हिरवे केस पुन्हा आले. आधीपेक्षा दाट. मेलेल्या शेवाळातलं सगळं खत पाण्यातच राहिलं होतं, ते नव्या शेवाळाला मिळालं.

खास सभा बोलवावी लागली. काही सभासदांनी टँक विकून पैसे जमा करा असं सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. महिला गट गप्प बसून होता. त्यांचा कर्जाचा अर्ज आमच्या कपाटात होता. त्यांच्यातली एक म्हणाली, "एक टँक तुमच्याने होत नाही, आम्ही सहांचं कर्ज कसं फेडणार?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं, जानेवारीअखेर टँक सुधारला नाही तर बंद.

खरं दुखणं कुठे होतं

त्या सभेनंतर आम्ही वही घेऊन बसलो. सोसायटीचं दफ्तर सांभाळायचं कामच आमचं, म्हणून टँकचाही जमा-खर्च मांडला. जमेला काय? नदीमुखाचं पाणी, कवचांतलं मांस, विहिरीचं पाणी, पाच माणसांनी टाकलेलं खाणं, सकाळचं ऊन, रात्रीचा लाईट. खर्चाला काय? काचेवरून पुसलेली धूळ, तीही पाण्यातच. टँकबाहेर काहीच जात नव्हतं. मग शिल्लक हिरवी दिसणारच.

रापण ओढण्यात हयात गेलेले आपले एक म्हातारे सभासद तेव्हा शेजारी बसले होते. आम्ही म्हटलं, "काका, दर्यात एवढं खत जातं, तिथं का नाही असं होत?"

ते म्हणाले, "होतं की रे. पावसानंतर खडपं हिरवीगार होतात, बघितली नाहीस? पण तिथं खायला तोंडं किती आणि हलवायला लाट केवढी! तू त्यांना ना खायला तोंड ठेवलंस, ना लाट."

गावातली एक मुलगी बीएस्सी करते, तिने पाणी तपासून दिलं. नायट्रेट जवळजवळ शून्य आलं. आम्ही खूश झालो. ती म्हणाली, "मामा, शून्य नाही हे. पाण्यातलं सगळं शेवाळाने खाल्लंय. शेवाळ हाच तुमचा नायट्रेट." हे वाक्य लक्षात ठेवा. चाचणी चांगली आणि टँक हिरवा, असं असेल तर टँकवर विश्वास ठेवा.

मग काय केलं

आधी येणं बंद केलं. कवचं बाहेर काढली, एकेक उघडून तासली. धुताना टँकमधूनच काढलेलं खारं पाणी बादलीत घेतलं, कारण नळाच्या पाण्याने धुतलं तर वर बसलेले चांगले जीवाणू मरतात. खाणं एकाच माणसाच्या हातात दिलं. दिवसातून एकदा, मासे एका मिनिटात संपवतील एवढंच. गोठवलेलं खाणं असेल तर गाळणीत धरून धुवायचं, वरचं पाणी फेकायचं. डबा कुलपात. खिडकीला जाड पडदा. लाईटला टायमर, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आठ तास.

पाणी बदललं. विहिरीच्या पाण्याला टीडीएस मीटर लावला तर 210 दाखवलं. घरच्या आरओचं पाणी 28. त्याच्यापुढे रेझिनची छोटी नळी जोडली तेव्हा शून्य आलं. आता तेच पाणी वापरतो, लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ घालून, एक दिवस पंपाने ढवळून. टँकमधलं पाणी उडून कमी होतं तिथे मात्र गोडंच पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही.

मग बाहेर काढायला सुरुवात केली. दर रविवारी सकाळी हाताने केस उपटायचे, दातांच्या ब्रशने घासायचं, आणि घासताना शेजारी पाईप धरायचा म्हणजे सुटलेलं शेवाळ पाण्यासोबत बादलीत येतं. पाईप न लावता घासलं तर तुकडे उडून दुसरीकडे रुजतात. दर रविवारी 30 ते 35 लिटर पाणी असं काढलं आणि नवं घातलं. कंटाळवाणं काम आहे. पहिले तीन रविवार काही फरक दिसला नाही.

खायला तोंडं आणली. ओहोटीला खडपावर शेवाळ खरवडणारे छोटे शंख असतात, त्यातले दहा आणले. आधी तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवले, मेलेला एक काढून टाकला, मग हळूहळू टँकचं पाणी थेंबाथेंबाने मिसळून सोडले. शंखातले दोन खेकडेही आहेत. पण एक लक्षात घ्या, शंख शेवाळ खातो आणि घाण पाण्यातच टाकतो. तो मदतनीस आहे, सफाई कामगार नाही. बादली आपल्यालाच उचलावी लागते.

आणि काकांच्या बोलण्यावरून एक युक्ती केली. पावसानंतर आपल्या खडपांवर, हणजूणकडेही, हिरवं पानासारखं शेवाळ येतं, अल्वा. ते थोडं आणून मागच्या कप्प्यात छोट्या लाईटखाली ठेवलं. ते खत ओढून भराभर वाढतं. दर आठवड्याला मूठभर काढून माडाच्या मुळात टाकतो. केसांना जे मिळायचं ते आता हे खातं, आणि आम्ही ते टँकबाहेर नेतो. शेवाळाने शेवाळ उपाशी ठेवायचं, एवढंच.

लाटेसाठी दुसरा छोटा पंप लावला. तो नसताना डिसेंबरात एका कोपऱ्यात लालसर, साईसारखा थर आला होता. तो शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारे जीवाणू. पावसाळ्याआधी समुद्रावर लाकडाच्या भुश्यासारखे तपकिरी पट्टे तरंगताना आपण बघतो ना, ट्रायकोडेस्मियम, ते याच्याच भावकीतलं. जिथे पाणी साचून राहतं आणि घाण बसते तिथे ते येतं. पाईपने ओढून काढलं, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, तीन आठवड्यांत गेलं. कोणीतरी अँटिबायोटिक घालायला सांगितलं होतं. घातलं नाही, कारण ते चांगल्या जीवाणूंनाही मारू शकतं.

आज काय स्थिती

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कवचं पांढरी दिसायला लागली. काचेवर अजून हिरवी झाक येते, आठवड्यातून दोनदा पुसतो. तेवढं शेवाळ राहणारच, आणि राहू दे. पूर्ण शून्य करायच्या मागे लागून फॉस्फेट शोषणारे दाणे भरमसाट घातले तर दुसरंच संकट येऊ शकतं. डायनोफ्लॅजेलेट म्हणून तपकिरी, शेंबडासारखं, बुडबुडे धरून राहणारं काहीतरी असतं, ते बऱ्याचदा असं सगळं संपलेल्या टँकमध्ये डोकं वर काढतं आणि त्यातले काही प्रकार शंखांनाही मारतात. थोडं खत पाण्यात असावं.

वाचलेला क्लाऊनफिश ठणठणीत आहे. पट्ट्यांचे दोन मोठे होऊन दादागिरी करायला लागले, त्यांना परत खडपात सोडलं.

फेब्रुवारीच्या सभेत टँक ठेवायचं ठरलं. महिला गटाने सहा टँकांचा अर्ज मागे घेतला आणि दोन टँकांचा, स्वतःच्या बचतीतून, असा निर्णय घेतला. पहिले सहा आठवडे ते रिकामे चालवणार आहेत. ज्या बाईने सभेत आम्हाला तो प्रश्न विचारला होता, रविवारची बादली आता तीच उचलते. आम्ही तिला म्हटलं, शेवाळ आलं नसतं तर तुम्ही सहा टँकांचं कर्ज काढलं असतं. ती म्हणाली, "आणि सहाही हिरवे झाले असते." पैसे मिळतील की नाही ते आताच कोणी सांगू नये. मासे जगवायला शिकलो, विकायला अजून शिकायचंय.

घरी टँक करणाऱ्यांसाठी थोडक्यात

1. समुद्राचं पाणी घ्यायचंच तर पाऊस संपल्यावर, भरतीला, नदीमुखापासून लांबून घ्या. जमत नसेल तर आरओ-रेझिनचं पाणी आणि समुद्री मीठ.
2. चार ते सहा आठवडे टँक माशांशिवाय चालवा. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आल्यावरच मासे, तेही एकेक.
3. तपकिरी धूळ आली तर थांबा. हिरवे केस आले तर खाणं, लाईट आणि पाणी तपासा. लाल थर आला तर घाण आणि प्रवाह बघा.
4. औषध शेवटी, खरं तर नकोच. तांबं असलेलं औषध शंख, खेकडे, कोळंबी यांना मारतं आणि खडकात मुरून राहतं.
5. प्रवाळाचे दगड समुद्रातून आणू नका, मेलेले दिसले तरी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून दगडी प्रवाळ संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. सिरॅमिकचे खडक मिळतात, किंवा नीट तासलेली, उकळून वाळवलेली कवचं चालतात.
6. वही ठेवा. काय घातलं, किती घातलं, काय काढलं. दर आठवड्याला बाहेर किती गेलं ते बघा.

रविवारी सकाळी नऊ वाजता टँकची साफसफाई असते. बघायला या, हात ओले करायची तयारी ठेवून या. खाणं मात्र आणू नका, डबा कुलपातच आहे.

आपली,
सोसायटी